धुतलेलं कोकोपीट

मी टेक्सटाइलची इंजिनियर, इचलकरंजीची. मागावर धागा कुठे तुटला ते मला आवाजावरून कळतं. झाडाचं पान कशाने पिवळं पडतं ते कळायचं मला काहीच कारण नव्हतं. तरीही दोन हजार सहा-सातच्या सुमारास मी ब्राउनश्वाइगमधल्या एका इन्स्टिट्यूटच्या काचघरात गांजाच्या झाडांपुढे उभी राहून तेच ओळखायचा प्रयत्न करत होते. इतकी चिडचिड मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याच उन्हाळ्यात केलेली नाही.

गांजा म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. ही नशेची जात नव्हती. झाड तेच, पंजासारखं पान तेच, पण ही धाग्यासाठी लावतात ती जात. तिच्या खोडाच्या सालीतून चिवट धागा निघतो आणि तो दाबून मोटारीच्या दाराचं आतलं अस्तर करतात. माझी पीएचडी त्या धाग्याच्या ताकदीवर होती. शेतातून येणारा धागा दर गठ्ठ्याला वेगळा निघायचा. म्हणून ठरलं, की झाडं काचघरात, मातीऐवजी कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशात वाढवायची. सगळ्यांना सारखं खाणं, सारखं पाणी. हे बघणारी शेतकीची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि प्रोफेसरांनी काचघराची किल्ली माझ्या हातात ठेवली. भारत शेतीप्रधान देश आहे असं त्यांनी कुठेतरी वाचलं असावं.

पहिली खेप पिवळी पडून गुडघ्याएवढीच राहिली. दुसरी खेप शेवटची होती. ऑक्टोबरात मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीची माणसं बघायला येणार होती. तोवर कापण्याजोगी खोडं उभी राहिली नाहीत तर प्रकल्प बंद, प्रकल्पावरची माझी श्टेले, म्हणजे पगाराची जागा, बंद आणि पीएचडी अर्ध्यात. प्रोफेसरांनी हे मला कॉफी पिता पिता, अगदी सभ्यपणे सांगितलं. सभ्यपणे सांगितलेल्या गोष्टीवर भांडताही येत नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात माझे सासरे तीन महिने राहायला आले.

ते वाळव्याकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. मास्तरकी करत करत त्यांनी कृष्णाकाठची जमीन कसली होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत क्षारपड झाली होती. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, पाटाने पाणी सोडायची सवय लागली. मग एका उन्हाळ्यात बांधाच्या कडेने पांढरं फुटलं. दरवर्षी ते थोडं थोडं आत सरकत गेलं. शेवटी तिथे ऊस सोडा, हरळीसुद्धा धड येईना, आणि जमीन वीटभट्टीवाल्याला गेली. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, नंतर पुन्हा सांगितलं, आणि नंतर मी मोजायचं सोडून दिलं. ते बोलायला लागले की माझा नवरा उठून दुसऱ्या खोलीत जायचा. तो रोज ट्रेनने वोल्फ्सबुर्गला मोटारींच्या कारखान्यात जायचा, दमून यायचा. मला वाटायचं दमणुकीनेच उठत असेल.

घरात एकटे बसून कंटाळतात म्हणून मी त्यांना काचघरात न्यायला लागले. दारावर परवानगीचा कागद चिकटवलेला होता, त्यावर सरकारी शिक्का. त्यांनी आधी शिक्का बघितला, मग आत डोकावून झाडं बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी गावाकडे फोन करताना मी ऐकलं, सून तागावर संशोधन करते, असं ते सांगत होते.

आता त्या पिवळेपणाबद्दल. खालची, जुनी पानं आधी धरायची. शिरा हिरव्या राहायच्या आणि मधला भाग फिका, मग पिवळा, मग कडेने तांबूस व्हायचा. हे बघून ज्याने त्याने आपापलं निदान केलं. प्रोफेसर म्हणाले, दिवे कमी पडतात. काचघराचा टेक्निशियन म्हणाला, पाण्याचा आंबटपणा बिघडला असेल, पण ते त्याच्या बेराइशमध्ये, म्हणजे कामाच्या हद्दीत, येत नाही. नवरा म्हणाला, सगळं एक्सेलमध्ये टाक, पॅटर्न दिसेल. मराठी मंडळाच्या एका काकूंनी ताक घालून बघ म्हणून सुचवलं; झाड कसलं आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी दिवे वाढवले, आंबटपणा नीट केला, एक्सेल भरलं. ताक तेवढं घातलं नाही. पानं पिवळी पडतच राहिली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललं होतं.

सरळ उपाय म्हणजे पान प्रयोगशाळेत पाठवायचं, त्यात काय कमी आहे ते मोजून घ्यायचं. प्रयोगशाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, ट्रामने जाण्यासारखी. पण आमची परवानगी झाडं वाढवण्याची होती, पान दाराबाहेर नेण्याची नव्हती. कायद्याच्या लेखी ते पान म्हणजे अंमली पदार्थ. त्यासाठी वेगळा आनत्राग, म्हणजे अर्ज, करायचा आणि तो मंजूर व्हायला म्हणे ख्रिसमस उजाडेल. फोनवरच्या बाईंना मी विचारलं, की मग मेलेल्या झाडांचं मी करायचं काय. त्या म्हणाल्या, त्यासाठीही एक अर्ज आहे.

राहता राहिलं इंटरनेट. कोकोपीटमध्ये हे झाड कसं वाढवावं याची माहिती तेव्हा भरपूर होती, पण सगळी चोरून वाढवणाऱ्यांच्या फोरमवर. इन्स्टिट्यूटच्या नेटवर त्या साइट बंद. घरून बघायला लागले तर नवरा घाबरा, की उद्या पोलीस दारात आले तर श्टेम्पलवाला, शिक्क्याचा कागद काचघराच्या दारावर आहे, आपल्या नाही. सगळ्या जर्मनीत राजरोस हे झाड लावणाऱ्या मोजक्या लोकांतली मी एक, आणि ज्ञान सगळं चोरांकडे. तिथे दर दुसरा माणूस पिवळ्या पानाचा फोटो टाकून वाचवा म्हणत होता, आणि त्याच्या खाली दहा जणांची दहा उत्तरं. पाणी जास्त झालं. पाणी कमी झालं. खत जास्त, खत कमी. सासरे माझ्या मागे खुर्ची ओढून बसायचे आणि मी मराठीत सांगितलेलं प्रत्येक उत्तर मान हलवून नाकारायचे.

कारण त्यांचं निदान पहिल्या दिवशीच झालं होतं. मीठ. नारळ खाऱ्या हवेतला, त्याचं सोडण खाऱ्या पाण्यात कुजत घालतात, त्याचा भुसा म्हणजे मिठाचं घर. त्यांच्या उसाची पानं अशीच पिवळी पडली होती. आणि यात ते चुकत नव्हते, हेच मला पुढे महागात पडलं. आमच्या भुशाच्या विटा दक्षिण हिंदुस्थानातून आल्या होत्या. पहिल्या खेपेच्या कुंडीतलं पाणी मी क्षार मोजायच्या मीटरने मोजलं तर काटा वर गेला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि मीटरच्या आधीच सांगितलं, खारट आहे म्हणून.

मग दुसऱ्या खेपेआधी आम्ही दोघांनी सगळं कोकोपीट धुतलं. काचघरामागच्या अंगणात मोठी टबं मांडून, विटा भिजवून, फुगवून, पाणी ओतून, पुन्हा भरून. घरात बासमती धुतात तसं, पाणी नितळ होईपर्यंत. ब्राउनश्वाइगचं पाणी हार्त्सच्या डोंगरातून येतं, मऊ, केटलीत पांढरा थर म्हणून धरत नाही. सासऱ्यांना त्या पाण्याचं फार कौतुक. आपल्याकडे हे असतं तर जमीन गेली नसती, असं म्हणत ते बाह्या सरसावून टबात हात घालायचे. शेवटचं पाणी मी मोजलं तेव्हा मीटरचा आकडा नळाच्या पाण्याइतकाच होता. त्यांनी चव घेतली आणि म्हणाले, गोड. मी त्या भुशात बी पेरलं आणि बऱ्याच दिवसांनी नीट झोपले.

रोपं वर आली, पंजे उघडले, आणि पुन्हा तेच. खालची पानं, हिरव्या शिरा, मधला भाग पिवळा.

मी त्या दिवशी काचघरात बसून रडले. सासरे शेजारीच उभे होते. त्यांनी पाठीवर हात ठेवला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले, आपलं धुणं कमी पडलं, अजून पाणी सोड. आणि मीही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, सोडलं. कुंडीतून पाणी खाली निथळेपर्यंत सोडलं. मीटर सांगत होतं की पाणी स्वच्छ आहे, स्वच्छ आहे, आणखी स्वच्छ आहे. पानं सांगत होती की आम्ही मरतोय. जेवढं धुवावं तेवढी ती जास्त पिवळी. सासऱ्यांना मी काही बोलू शकत नव्हते, ते वडीलधारे आणि वर पाहुणे, म्हणून घरी येऊन नवऱ्यावर ओरडले. तुझ्या बाबांना सांग, मी पाण्यात पीएचडी करत नाहीये. तो म्हणाला, मी सांगून ते कधी ऐकतात का. एवढंच म्हणाला आणि भांडी घासायला लागला.

धागा शेवटी फोरमवरच सापडला. एका डच माणसाने, ज्याचं टोपणनाव मी इथे लिहूसुद्धा शकत नाही, कुणाच्या तरी पिवळ्या पानाखाली एकच ओळ लिहिली होती: नुसतं धुतलंस, की आधी कॅल्शियममध्ये मुरवलंस? मी ती ओळ बघत बसले. मला पानं कळत नाहीत, पण रंगारी मला कळतो. सुताला एकदा लागलेली गोष्ट नुसत्या पाण्याने सुटत नाही. तिला हुसकायला त्या जागेवर दुसरं काहीतरी बसवावं लागतं. हे मी इचलकरंजीत शिकले होते आणि पुढे शिकवलंसुद्धा होतं. भुसा म्हणजे तरी काय, तंतूच की.

शेजारच्या काचघरात टोमॅटोवर काम करणारी एक मुलगी होती, तीही पीएचडीवाली. तिच्याकडून कॅल्शियम नायट्रेट मागून आणलं, आणि सोडियम मोजायचं एक छोटं यंत्रही. टेक्निशियनला विचारलं नाही. त्याने बेराइश काढला असता.

त्या दुपारी सासरे बरोबर होतेच. मी दोन बादल्यांत तोच, आम्हीच धुतलेला, शिल्लक राहिलेला भुसा घातला. एकीत नळाचं पाणी. दुसरीत कॅल्शियम विरघळवलेलं पाणी. पिशवीतून ती पांढरी पूड निघाली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

“आगं, मीठच घालायलीस की तू,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “बाबा, थांबा जरा. माझ्यासाठी थांबा.” आवाज चढला होता. ते थांबले.

आम्ही चहा पिऊन आलो. नळाच्या पाण्याच्या बादलीतलं पाणी मोजलं, सोडियम जवळजवळ नाहीच. दुसऱ्या बादलीतलं मोजलं आणि आकडा चढत गेला, थांबेचना. मी पुन्हा मोजलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि मास्तरांसारखा प्रश्न विचारला, की हे मीठ तुझ्या पुडीतलंच कशावरून नाही. प्रश्न बरोबर होता. मी वेगळ्या भांड्यात नुसती पूड विरघळवून मोजून दाखवली. त्यात सोडियम नव्हतं.

मग मी त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही पुरतं समजलं. आपण धुतलं ते वरवरचं मीठ. उरलेलं भुशाला चिकटून बसलेलं असतं, यष्टीत खिडकीची जागा धरून बसलेल्या माणसासारखं. बाजूने कितीही गर्दी वाहून गेली तरी तो उठत नाही. पाणी त्याला उठवू शकत नाही, म्हणून पाणी स्वच्छच निथळतं. कॅल्शियम त्याला उठवतं आणि स्वतः तिथे बसतं. मग धुतलं की मीठ निघून जातं. आपण हे आधी केलं नाही, म्हणून झाडांना दिलेल्या खतातलं थोडंफार कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भुसाच गिळत राहिला आणि झाड उपाशी राहिलं. त्यात इथलं पाणी इतकं मऊ की त्यातूनही काही मिळेना. आणि जे थोडं पोचत होतं तेही आपण वरून पाणी सोडसोडून वाहून घालवलं.

त्यांनी वाकून बादलीत बघितलं. मला वाटलं पटलं नाही. मी पुढची तयारी करत होते, अजून एक उदाहरण शोधत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, “हे जमिनीत बी असंच असतंय का?”

मी म्हटलं, मला जमिनीतलं कळत नाही, पण मातीच्या कणाचंही असंच असणार. चिकटलेलं मीठ असेल तर नुसत्या पाण्याने निघायचं नाही. आधी कॅल्शियम द्यावं लागेल, आणि मग पाणी.

“म्हंजे जिप्सम,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. जिप्सममध्ये कॅल्शियमच असतं. एवढं मला ठाऊक होतं आणि मी ते पटकन बोलून गेले, कारण माझं डोकं ऑक्टोबरात होतं, खोडांत होतं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. पांढरं फुटायला लागलं तेव्हा त्यांचा मुलगा, माझा नवरा, अकरावीत होता. तो कॉलेजातून कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, रानात जिप्सम टाकू, चर खणू आणि मग पाणी देऊ. सोसायटीत जिप्सम मिळतही होतं. “म्या हसलो त्याला. चारचौघांत हसलो. मिठावर मीठ टाकतंय पोरगं, म्हनलो. आनि पाणी सोडत राह्यलो.” मग त्यांनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि ट्राम कितीची आहे ते विचारलं.

झाडांचं सांगून टाकते. मी त्या दिवसापासून पाण्यात मोजून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम द्यायला लागले. पिवळी पडलेली पानं पुन्हा हिरवी झाली नाहीत, ती तशी होत नसतातच. पण वरून नवी आली ती हिरवी आली आणि हिरवीच राहिली. ऑक्टोबरात खोडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती. कंपनीची माणसं आली, गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत त्यांनी खोडं हाताळली आणि माझी श्टेले वाचली. प्रोफेसरांनी पुढे एका परिषदेत सांगितलं, की हे त्यांच्या इन्स्टिट्यूटच्या भारतीय शेती-अनुभवामुळे शक्य झालं. मी दुरुस्त करायला गेले नाही.

पण बादल्यांच्या त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी पोचलो तेव्हा ऑक्टोबर अजून लांब होता. नवरा आधी आला होता. त्याने खिचडी टाकली होती. जेवायला बसल्यावर त्याने मला विचारलं, काही सापडलं का. मी तोंड उघडायच्या आत सासरे बोलले.

“कॅल्शियम कमी व्हतं,” ते म्हणाले. त्यांनी ताटातून वर बघितलं नाही. “तू सांगिटलं व्हतंस तसंच. रानाच्या टायमाला. तुजं बरोबर व्हतं.”

मी नवऱ्याकडे बघितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, कधी नव्हे ते बोलायला लागला होता तेव्हा, त्याने मला सांगितलं होतं की जमीन वाचवायचा एक उपाय त्याने वडिलांना सांगितला होता आणि वडील सगळ्यांदेखत हसले होते. कोण कोण बसलं होतं तेसुद्धा त्याने नावानिशी सांगितलं होतं. कसला उपाय ते मी विचारलं नव्हतं. त्यानंतर तो शिकायला जो बाहेर पडला तो गावात दोन रात्रींच्या वर कधी राहिला नव्हता.

त्याने पातेल्यातली खिचडी वडिलांच्या ताटात वाढली, त्यावर तूप सोडलं.

“मी कधी म्हणालो बाबा?” तो म्हणाला. “मला नाही आठवत.”